मोठी मोटारसायकल आणि काळी माती

पुण्याहून सोलापूर महामार्गाने भिगवण, इंदापूर गाठायचे आणि परतताना बारामतीकडे वळायचे, ही भटकंती 'ॲडव्हेंचर' प्रकारच्या मोठ्या मोटारसायकलीवर सुखाची होते. उंच बैठक, रुंद हँडल, खड्डे पचवणारे शॉकॲब्सॉर्बर आणि मोठी टाकी यांमुळे लांबचा प्रवासही फारसा जाणवत नाही.

खरी परीक्षा डांबर संपल्यावर होते. उजनी जलाशयाच्या काठाकडील कच्च्या वाटा काळ्या मातीच्या. पावसात ही माती चाकाला लिंपते, मडगार्डमध्ये दाटते आणि चाक फिरेनासे होते. बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसचे वजन २३७ किलो. अशा चिखलात ती आडवी झाली, तर एकट्याने उचलणे कठीण. बैठक ८५० मिलिमीटर उंच असल्याने मध्यम उंचीच्या चालकाचे पाय जमिनीवर पुरते टेकत नाहीत. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला आहे.

म्हणून गाडी निवडताना इंजिनाच्या ताकदीआधी वजनाचा विचार व्हावा. ४५२ सीसीची रॉयल एनफिल्ड हिमालयन सुमारे १९६ किलोची आहे. महामार्गावर ती मागे पडेल. पण चिखलात हेच ४० किलो मोलाचे ठरतात.