मिसळीचा कट

पहिला तास बुडवून आपण जिथे जातो, त्या मिसळीच्या हॉटेलाविषयी आपल्या वार्षिकात कुणी लिहिल्याचे आठवत नाही. प्राध्यापकांची भीती, दुसरे काय! पण सरही पलीकडच्या बाकावर असतातच, तेव्हा लिहायला हरकत नसावी.

कोल्हापुरात मिसळ ही सकाळची वस्तू. उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा कामगार न्याहारीला आला, की पोट दुपारपर्यंत भरलेले हवे आणि खिसा मात्र रिकामा होता कामा नये. म्हणून डिशमध्ये तळाशी मटकीची उसळ, त्यावर बटाट्याची भाजी, मग चिवडा-शेव, वर चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. सोबत पावाच्या स्लाइस. गोल पाव नव्हे. या सगळ्याला जीव येतो तो कटाने. कांदा व सुके खोबरे काळपट होईपर्यंत भाजायचे, आले-लसूण घालून वाटायचे, तेलात परतायचे आणि कांदा-लसूण चटणी घालून भरपूर पाण्यात उकळायचे. पातेल्यावर लाल तवंग चढला की कट झाला. डिश एकदाच मिळते, कट मात्र “जरा कट आणा की!” म्हटले की पुन्हा येतो.

नवखा माणूस लाल रंग पाहून घाबरतो. वास्तविक रंग देते ती ब्याडगी मिरची, आणि ती फारशी तिखट नसते. कानातून धूर काढते ती संकेश्वरी. जीभ भाजली म्हणून पाणी पिण्यातही अर्थ नाही. तिखटपणा आणणारे कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून जाणकार दही मागवतो.

आता गंमत अशी, की ज्या मिरचीवर आपण कोल्हापूरकर मिशीला ताव देतो, ती मूळची मेक्सिकोकडची. कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोचला. त्यानंतर पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. त्याआधी आपले तिखट म्हणजे मिरे. ‘मरीच’ या मिऱ्याच्या संस्कृत नावावरूनच आपण पाहुणीला मिरची म्हणू लागलो. बटाटाही तिकडच्याच खंडातला. त्या मेक्सिकोत ‘बुरितो’ नावाचा पदार्थ आहे. गव्हाच्या मोठ्या पातळ पोळीत शिजवलेला घेवडा, मांस वगैरे घालून केलेली गुंडाळी. शब्दाचा अर्थ लहानसे गाढव! कॅलिफोर्नियात मेक्सिकन वस्त्यांतल्या छोट्या दुकानांच्या फळीवर कामकरी माणसे तो उभ्याउभ्या खातात. कडधान्य, गव्हाचे काहीतरी आणि वर मिरची. हिशेब आपलाच.

पण हॉटेलात नुसते पोट भरत नाही. तिथे शेजारी कोण बसेल हे आपल्या हातात नसते, आणि कांद्याची बशी त्याच्याकडूनच मागून घ्यावी लागते. हे पूर्वापार असे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतील नोकर गंगाराम कांबळे यांना, सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून मार खावा लागला. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले व गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांनी ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले. चहा चांगला, जागा स्वच्छ. पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा मागवीत, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. महाराज १९२२ साली गेले, म्हणजे या गोष्टीला शंभर वर्षे उलटून गेली.

आमच्या गावी ती पोचायला फार वेळ लागला. माझ्या आजोबांच्या तरुणपणी तिथल्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर वळचणीला ठेवलेले असत. चहा वरून ओतायचा, प्यायल्यावर कप ज्याचा त्याने विसळून जागेवर ठेवायचा.

गेल्या वर्षी डोळे तपासायला आजोबा कोल्हापुरास आले, तेव्हा मी त्यांना मिसळ खायला नेले. बाकावर आधीच दोघे अनोळखी बसले होते. ते सरकले, आजोबा टेकले. दात नसल्याने त्यांनी स्लाइस कटात बुडवून बुडवून खाल्ली. खाणे झाल्यावर मी पैसे द्यायला गल्ल्याकडे वळलो. परत येऊन पाहतो तो आजोबा रिकामी डिश हातात घेऊन विसळायला नळ शोधत होते. फडके मारणाऱ्या पोराने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, “ऱ्हाऊ द्या आजोबा. बसा की. अजून कट आणू?”

आजोबा पुन्हा बसले.