तोरणमाळच्या घाटात सहा सिलिंडर पुरे

जग्वार २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली. तिची एफ-टाइप कूपे २०१४ मध्ये बाजारात आली, ती दोन स्वभाव घेऊन. ३ लिटरच्या सहा सिलिंडर ‘एस’ची ताकद ३८० पीएस, तर ५ लिटरच्या आठ सिलिंडर ‘आर’ची ५५० पीएस. शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला पहिलीला ४.९ सेकंद लागतात, दुसरीला ४.२. फरक पाऊण सेकंदाचाही नाही.

शहाद्याहून सातपुडा चढत तोरणमाळला जाताना वळणामागून वळण येते. तिथे मोठे इंजिन पूर्ण ताकदीने चालवायला सरळ रस्ताच मिळत नाही. उलट नाकावरचे जादा वजन वळण घेताना जाणवते, आणि पावसाळ्यात ओल्या डांबरावर ६८० न्यूटन-मीटरचा जोर मागच्या चाकांवर आला, की उजवा पाय जपूनच ठेवावा लागतो. ‘एस’चा जोर ४६०, तो मनसोक्त वापरता येतो. पुढे हाताने गिअर टाकायची सोयही फक्त सहा सिलिंडरवालीलाच मिळाली. माझ्या मते निवड इथेच ठरते.

शहादा तालुक्यातच, तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो. तिथला जाणता गिऱ्हाईक घोडा नुसता उभा पाहून सौदा करत नाही. आधी त्याला चालवून बघतो, पाऊल कसे पडते ते पाहतो. गाडीही तशीच पारखावी, आणि शक्यतो घाटात.