काशाची वाटी, लाटणे आणि पोटऱ्या

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुले-मुली गावोगाव दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मीही त्यांतलीच. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. नोकरीची आशा या पायांवरच. म्हणून पाय जपण्याचे शास्त्र समजून घेतले.

घरातली साधने दोन : काशाची वाटी आणि लाटणे. तेल लावून वाटीने तळवे घासतात. ते काळे पडले, की ‘उष्णता निघाली’ म्हणतात. वस्तुतः काशातील तांब्याची तेलाशी व घामाशी क्रिया होऊन तो काळेपणा येतो. पोटरीवर लाटणे फिरवल्याने ताठरपणा तात्पुरता कमी होतो. शहरातली मसाज गनही तेवढेच करते.

परंतु धावण्याआधी स्नायू तापतात ते चालण्याने व हळू धावण्याने, नुसत्या मालिशने नव्हे. दुसऱ्या दिवशीचे दुखणे साचलेल्या आम्लाचे नसते. ते आम्ल तासाभरात ओसरते. दुखतात त्या स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजा. त्यांना झोप, विश्रांती व पोटभर अन्न हवे. हाडावर वा सुजेवर लाटणे फिरवू नये.

रोवणीहून परतणाऱ्या आमच्या आयांनाही हेच लागू आहे. त्यांना विश्रांती मिळेल तेव्हा खरे!