घोड्याचं म्हणणं फोटोत सापडत नाही

सुरतेत घोडा अजून घरातला आहे. लग्नसराईत नवरदेवाला घोडी लागतेच. सौराष्ट्रातून येऊन वराछा-कामरेजकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांना काठियावाडी घोड्याचं वेड आहे. उधना, लिंबायत, डिंडोलीतली आपली खानदेशी मंडळी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जातात. सारंगखेडा आणि सुरत दोन्ही तापीच्याच काठची. तेव्हा घोड्याच्या मनात काय आहे, हा प्रश्न इथे रिकाम्या गप्पांचा नाही. दोन-चार घोडे बाळगणाऱ्या घराचा पैसा, प्रतिष्ठा आणि जीव त्यात गुंतलेला असतो.

या प्रश्नाचं उत्तर देणारा एक नवा व्यवसाय आता शहरांत रुळला आहे: 'अ‍ॅनिमल कम्युनिकेटर', म्हणजे प्राण्याशी मनाने बोलतो असं सांगणारी व्यक्ती. अमेरिकेत पेनेलोपी स्मिथ यांनी 1970 च्या दशकापासून त्याचा प्रसार केला; आज तो व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. घोड्याचा डोळे स्पष्ट दिसणारा फोटो, नाव आणि वय पाठवायचं, मनातले प्रश्न लिहायचे, आणि ठरलेल्या वेळी प्रत्येक घोड्याचा 'निरोप' ऐकायचा. घोडी म्हणते मला जुना तबेला आठवतो. शिंगरू म्हणतं मला मोठ्याची भीती वाटते. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. ते अश्रू खरे असतात, म्हणूनच या विषयाची थट्टा न करता नीट तपासणी व्हायला हवी.

"फोटोवरून घोड्याचं मन वाचता येतं"

पक्की खबरदारी घेतलेल्या चाचणीत ही क्षमता आजवर सिद्ध झालेली नाही. फोटोत घोड्याचा रंग, अंगकाठी, फार तर बरगड्या आणि आयाळीची निगा दिसते. बाकीची माहिती मालकाच्या प्रश्नांत असते. 'ती हल्ली पाठीवर कुणाला बसू का देत नाही?' असं विचारलं, की घोडी नाराज आहे हे आपणच सांगून टाकलेलं असतं.

मग उत्तरं इतकी अचूक का वाटतात? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व-चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. कागद सगळ्यांना एकच होता, त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. 'तो वरून शांत आहे, पण आतून हळवा आहे' हे वाक्य कुठल्याही माणसाला लागू पडतं, तसंच कुठल्याही घोड्यालाही. शिवाय घोडा ते खोडून काढायला बोलू शकत नाही.

"पण कम्युनिकेटरला आमच्या घरातलं कसं कळलं?"

याचं सगळ्यात चांगलं उत्तर एका घोड्यानेच दिलेलं आहे. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकांनी हान्स नावाचा घोडा शिकवला होता. बेरीज-वजाबाकी विचारली की हान्स टापा आपटून उत्तर द्यायचा. तारखा सांगायचा, अक्षरं जुळवायचा. फॉन ओस्टेन त्याचे पैसे घेत नसत, आणि इतर लोकांनी विचारलं तरीही घोडा बरोबर उत्तर देई. 1904 मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या समितीने तपासणी केली आणि यात लबाडी नाही असं सांगितलं. लबाडी खरोखरच नव्हती.

मग श्टुम्फ यांचे सहकारी ओस्कार फुंग्स्ट यांनी दोन साध्या गोष्टी बदलून पाहिल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असं केलं. आणि घोड्याला प्रश्नकर्ता दिसणार नाही असं केलं. दोन्ही वेळा हान्सची उत्तरं कोसळली. घोडा गणित करत नव्हता. प्रश्न विचारून माणूस नकळत किंचित पुढे झुकायचा, टापा बरोबर आकड्याला पोचल्या की त्याचं डोकं अगदी थोडं वर उठायचं, आणि हान्स तिथे थांबायचा. फुंग्स्ट यांना हे गुपित कळल्यावरही स्वतःची ती हालचाल पूर्णपणे रोखता आली नाही. हा सगळा तपास 1907 मध्ये पुस्तकरूपाने आला.

या कथेतून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही सुरतेतल्या तबेल्याला लागू आहेत. पहिली अशी, की सगळे प्रामाणिक असूनही सगळे फसू शकतात. कम्युनिकेटर लबाडच असते असं मी म्हणत नाही. अनेकींची स्वतःचीही श्रद्धा पक्की असते. बोलता बोलता आपला हुंकार, आवाजातला कंप, 'हो, हो, अगदी बरोबर' हे त्यांना वाट दाखवत जातं, आणि ते दोघांनाही उमगत नाही. दुसरी गोष्ट अधिक मोलाची: माणसाच्या डोक्याची अशी बारीक हालचाल ज्या जनावराने टिपली, ते जनावर माणसाला किती वाचत असेल! त्या व्यवहारातला खरा वाचक घोडाच होता.

ज्याला पडताळा पाहायचा आहे त्याने फुंग्स्ट यांचीच रीत वापरावी. प्रश्न न लिहिता फक्त फोटो पाठवा. त्यात आपला नसलेला एखादा घोडा मिसळा. उत्तरं आधी लिहून घ्या, आणि नंतर तपासता येतील अशाच गोष्टी विचारा: कुठल्या पायाचा नाल नुकताच बदलला, दात कधी घासले, घोडी गाभण आहे का. 'तुमच्यावर प्रेम आहे' हे तपासता येत नाही. गर्भ तपासता येतो.

"हे तर आपल्या शालिहोत्रातलंच आहे"

तसं नाही. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली आपली अश्ववैद्यकाची परंपरा, नकुलाच्या नावावर असलेलं अश्वशास्त्र, जयदत्ताचा अश्ववैद्यक हा ग्रंथ, हे सगळं घोड्याला समोर उभं करून पाहण्याचं ज्ञान आहे. दात पाहून वय, खूर, चाल, वास, लीद, घाम. सारंगखेड्याच्या बाजारात जाणता माणूस आजही घोडा चालवून, दौडवून, तोंड उघडून पाहतो. दूरवरच्या जनावराच्या मनाशी जोडणी करण्याचा दावा ही वेगळीच, अलीकडची गोष्ट आहे.

त्याच परंपरेत भोवरे आणि शुभ-अशुभ लक्षणंही आली, हे मान्य करायला हवं. देवमण हा शुभ भोवरा असलेला घोडा भाग्याचा, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) असेल तर अधिक मोलाचा, अमुक जागी भोवरा असेल तर खोडीचा. अंगावरच्या केसांचा भोवरा मालकाच्या घरात बरकत आणतो किंवा घात करतो याला कसलाही आधार नाही. केवळ भोवऱ्यापायी एखादा सुदृढ घोडा कवडीमोलाने विकला जातो, हा त्या जिवावर अन्याय आहे. परंपरेतलं पाहणं ठेवावं, भाकीत सोडावं.

"मग घोड्याला भावना नसतात, हे सगळं थोतांडच"

हा उलट बाजूचा गैरसमज, आणि तोही तेवढाच चुकीचा. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये घोड्याच्या चेहऱ्याच्या हालचालींची पद्धतशीर नोंदणी मांडली. त्यात 17 स्वतंत्र हालचाली निघाल्या. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठातल्या प्रयोगात माणसाच्या रागावलेल्या चेहऱ्याचा फोटो पाहून घोड्यांच्या हृदयाची गती अधिक वेगाने वाढली. नॉर्वेमध्ये 23 घोड्यांना फळ्यांवरची चिन्हं शिकवण्यात आली: एक 'झूल घाला', एक 'झूल काढा', एक 'आहे तसंच राहू दे'. घोडे नाकाने फळी दाखवू लागले, आणि थंडी-पावसात झूल मागू लागले, ऊन असेल तर काढायला सांगू लागले. हा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार आवडतो. घोड्याचं मत विचारता येतं, आणि त्यासाठी त्याच्यासमोर उभं राहावं लागतं.

दुखणंही चेहऱ्यावर उमटतं. 2014 मध्ये इटालियन संशोधकांच्या पुढाकाराने घोड्याच्या वेदनेची चेहरापट्टी तयार झाली. कान ताठ होऊन मागे वळलेले, डोळ्याभोवतीचा भाग आवळलेला, डोळ्यावरचा भाग ताणलेला, चावण्याचे स्नायू उठून दिसणारे, तोंड घट्ट आणि हनुवटी पुढे आलेली, नाकपुड्या ताणलेल्या. अशी सहा चिन्हं, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. हे मोतद्दारालाही शिकवता येतं.

आता कम्युनिकेटरच्या सेशनमध्ये येणारे निरोप आणि तबेल्यातली कारणं शेजारी ठेवून पाहू. 'तो उदास आहे, खात नाही' असं ऐकलं तर आधी तोंड उघडावं. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, कडा धारदार होतात आणि गालाला, जिभेला कापतात; चंदी तोंडातून गळत असेल तर दात घासायची वेळ आली आहे. 'घोडी चिडली आहे' याचं कारण साधारण 21 दिवसांनी येणारा माज असू शकतो, किंवा पोटातला व्रण. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, कारण त्याचं शरीर दिवसातले बरेच तास चरण्यासाठी बनलं आहे. दोन वेळा तोबरा भरून चंदी दिली आणि मध्ये वैरणच नसली, तर ते आम्ल जठरालाच जाळतं. 'त्याला स्वार आवडत नाही' म्हणजे बहुतेक खोगीर पाठीला लागतं आहे. अश्ववैद्य सू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या 24 वागणुकींची यादी केली आहे. त्यातल्या 8 किंवा अधिक दिसल्या तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. घोडा हट्टी आहे म्हणून चाबूक, आणि दुःखी आहे म्हणून निरोप, दोन्हीकडे पाठ तपासायची राहूनच जाते.

सुरतेच्या हवेचं एक खास दुखणं आहे. दमट उकाड्यात काही घोड्यांना घाम येणंच बंद होतं. अंग कोरडं, श्वास धापेचा, काम नको. ताप चढतो आणि माणसं समजतात जनावर खचलं. त्याला आधी सावली, पाणी, वारा आणि डॉक्टर हवा.

आडवा पडलेला घोडा आजारीच असतो, हाही समज दूर व्हावा. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेच्या एका टप्प्यासाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. अगाडी-पछाडी आखूड बांधून, ओल्या फरशीवर ठेवलेला घोडा आडवा होत नाही. मग तो दिवसा सुस्त दिसतो, कधी उभ्या उभ्या गुडघ्यांवर कोसळतो.

"निदान नुकसान तर काही नाही ना?"

आहे, आणि ते वेळेचं आहे. घोडा वारंवार पोटाकडे वळून पाहतो, जमीन उकरतो, लोळतो, लीद बंद होते: हा पोटशूळ. घोड्याला ओकारी होत नाही, म्हणून आत साचलेलं बाहेर यायला तो मार्गच नाही. आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत सगळं संपतं. अशा वेळी कुणी 'तो जुन्या सोबत्याची आठवण काढतोय' असं सांगितलं आणि घरच्यांनी रात्र तशीच काढली, तर सकाळी डॉक्टरांना बोलावून उपयोग उरत नाही.

काही रोग बाहेरून दिसतही नाहीत. 2023 च्या सुरुवातीला सुरत शहरातल्या काही घोड्यांमध्ये ग्लँडर्स आढळला. तो माणसालाही होतो, आणि बाधित जनावराला नियमाने दयामरण द्यावं लागतं. त्याचं निदान रक्ततपासणीने होतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ते होतं. बाजारातून नवा घोडा आणताना ही तपासणी करून घेणं हे सगळ्या घराच्या आरोग्याचं काम आहे.

आणखी एक नुकसान माणसाचं होतं. 'मोतद्दार मला मारतो' असा निरोप आला, की गरिबाची नोकरी जाते, आणि त्याला बाजू मांडायला वावच नसतो. खरंच मारत असेल तर घोडा त्याला पाहून मान उचलतो, मागे सरकतो, अंगावर वळ दिसतात. ते डोळ्यांनी पाहावं, इतरांना विचारावं. फोटोवरून कुणाला दोषी धरू नये.

कायदाही पुरेसा स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकाने करायचा असतो. आणि जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्यात माणसांच्या बरोबरीने प्राण्यांच्या रोगांचाही उल्लेख आहे. मनाला दिलासा देणं वेगळं. निदान आणि उपचार सांगणं वेगळं.

दिलाशाबद्दलही बोलायला हवं. घरातली म्हातारी घोडी गेल्यावर 'तिने तुम्हाला माफ केलंय' हे ऐकावंसं वाटतं, यात कमीपणा नाही. ते दुःख घरच्यांत, तिला ओळखणाऱ्यांत बोलावं. तिच्याशी तुम्ही कसे वागलात, हे परक्या व्यक्तीपेक्षा तुम्हालाच अधिक ठाऊक आहे.

आजारी जनावराची सेवा या शहराला नवी नाही. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत आला, तेव्हा गायी, घोडे, कुत्री अशा आजारी, लंगड्या, थकलेल्या जनावरांसाठी इथे चालणारं रुग्णालय पाहून त्याने त्याचं वर्णन लिहून ठेवलं. तिथे कुणी घोड्याचे निरोप आणत नव्हतं. त्याला चारापाणी मिळत होतं.

म्हणून ज्यांच्या दारात घोडे आहेत त्यांनी सेशनच्या पैशांत एक थर्मामीटर आणि एक वही घ्यावी. घोडा निरोगी असतानाच त्याचं तापमान (37.5 ते 38.5 अंश सेल्सियस), विश्रांतीतली नाडी (मिनिटाला 28 ते 44) आणि श्वास (8 ते 16) मोजून लिहावं, म्हणजे बिघडलेलं लगेच कळेल. खूर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला दाखवावेत, दात वर्षातून एकदा डॉक्टरांना, आणि धनुर्वाताची लस चुकवू नये. खरारा करणाऱ्या मोतद्दाराला रोज विचारावं, आज काय वेगळं दिसलं? पोटशूळाची शंका आली तर चंदी-वैरण काढून घ्यावी आणि त्याच क्षणी ओळखीच्या पशुवैद्यकाला फोन करावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी गुजरातेत आणि महाराष्ट्रातही क्रमांक 1962 आहे.