अर्ध्या थ्रॉटलवरचा ताप

विजेवर उडणारं रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टर उतरवून ईएससीला, म्हणजे स्पीड कंट्रोलरला, हात लावला आणि चटका बसला, की बहुतेकांचा पहिला उपाय असतो थ्रॉटल कर्व्ह खाली आणण्याचा. थ्रॉटल कमी तर करंट कमी आणि करंट कमी तर उष्णता कमी, असा त्यामागचा हिशेब. हेलिकॉप्टरमध्ये हा हिशेब अनेकदा फसतो.

पूर्ण थ्रॉटलवर ईएससीतले मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, फक्त मोटरचा फेज बदलण्यापुरती उघडझाप करतात. थ्रॉटल खाली आला की हीच उघडझाप सेकंदाला हजारो वेळा, सहसा ८ ते १६ हजार वेळा, होऊ लागते आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. खरं मोठं नुकसान होतं ते ‘बंद’ क्षणांत. मोटरच्या गुंडाळ्यांमधला प्रवाह एकदम थांबत नाही. तो मॉसफेटच्या अंगभूत डायोडमधून फिरत राहतो आणि तिथे सुमारे ०.८ व्होल्ट खर्ची पडतात.

४५० आकाराच्या हेलिकॉप्टरची ओळखीची जुळणी घेऊ: ३ एस लिपो, ३५०० केव्हीची मोटर, १३ दात्यांचं पिनियन, १५० दात्यांचा मेन गिअर. बिनभाराचा हेडस्पीड, म्हणजे मुख्य रोटरचा वेग, येतो मिनिटाला जवळपास ३,३७० फेरे. शांत हॉवरिंगसाठी हवा आहे २,२००, म्हणजे ढोबळमानाने ६५ टक्के थ्रॉटल. बॅटरीतून १५ अँपिअर जात असतील, तर मोटरमधून २३ च्या आसपास फिरतात. बॅटरीला जोडलेल्या वॉटमीटरवर हा आकडा दिसतच नाही, आणि गैरसमज टिकून राहतो तो त्यामुळेच. डायोडमध्ये जळतात साधारण साडेसहा वॉट. आता पिनियन ११ दात्यांचं लावा. हेडस्पीड तोच, थ्रॉटल ७७ टक्के, मोटरचा करंट १९-२० अँपिअर, आणि डायोडची उष्णता साडेतीन वॉटच्या घरात. ईएससी तोच, मोटर तीच. फार लहान पिनियन मात्र नको. बॅटरी उतरत आल्यावर हेडस्पीड कायम राखणाऱ्या गव्हर्नरला थ्रॉटल वर न्यायला जागा उरली पाहिजे. ॲक्टिव्ह फ्रीव्हीलिंग असलेल्या नव्या ईएससीत डायोडऐवजी मॉसफेटच उघडतो, तिथे हा तोटा बराच घटतो.

‘मोठ्या अँपिअरचा ईएससी घेतला की प्रश्न मिटला’ हे अर्धसत्य आहे. मॉसफेटचा रोध कमी असल्याने तो कमी तापेल, पण लेबलवरचा आकडा सहसा भरपूर वारा मिळेल असं धरून दिलेला असतो. कॅनॉपीच्या आत, जाड फोम टेपवर चिकटवलेल्या ईएससीला तो वारा मिळत नाही. त्यात नागपूरच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असेल, तर २५ अंशांच्या सकाळपेक्षा सुरुवातच वीस अंश वरून होते. नवा ईएससी घेण्याआधी मोटरच्या तारा सोडवून रोटर हाताने फिरवून पाहावा. कोरडं बेअरिंग किंवा घट्ट बसलेला गिअर मेश लगेच कळतो.

ईएससी सोयीच्या जागी बसावा म्हणून बॅटरीकडच्या तारा लांबवणंही निरुपद्रवी नाही. लांब तारांचं इंडक्टन्स वाढतं, उघडझापेचे झटके ईएससीच्या कपॅसिटरला सोसावे लागतात, तो तापतो आणि फुगतो. लांबी वाढवायचीच असेल तर मोटरकडची वाढवावी.

सर्वांत धोक्याचा गैरसमज बीईसीबद्दल, म्हणजे ईएससीतल्या रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणाऱ्या भागाबद्दल, आहे. ईएससी तापला म्हणजे दोष मोटरच्या वाटेचाच, असं धरलं जातं. पण लिनिअर बीईसी जादा व्होल्टेज सरळ उष्णतेत घालवतो. भरलेल्या ३ एस लिपोचे १२.६ व्होल्ट, सर्व्होंना हवेत ५, उरलेले ७.६ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे १५ वॉट. स्वॉशप्लेटचे तीन आणि शेपटीचा एक असे चार डिजिटल सर्व्हो हा भार सहज टाकतात. मोटरची बाजू तापली तर बरेच ईएससी पॉवर कमी करतात आणि ऑटोरोटेशनने उतरता येतं. बीईसी बंद पडला तर रिसीव्हरच मरतो आणि मशीन हातात राहत नाही. मोटर न चालवता सर्व्हो दोन-तीन मिनिटं सतत हलवत ठेवावेत. एवढ्यावरच ईएससी गरम झाला, तर वेगळा स्विचिंग बीईसी बसवावा आणि रिसीव्हरकडे जाणाऱ्या ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून तिचं टोक नीट झाकावं.