दिवा लागला, पण उपकरण तपासलं का?

दादर चौपाटीजवळच्या कीर्ती कॉलेजपासून माटुंग्याच्या रुईया आणि व्हीजेटीआयपर्यंतचा पट्टा म्हणजे प्रॅक्टिकल आणि जर्नलांचा मुलूख. आता प्रयोगशाळा दप्तरातही मावते. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्राचं ‘एक्सपआईज-१७’ यूएसबीने लॅपटॉपला जोडलं, की ऑसिलोस्कोप, व्होल्टमीटर, सिग्नल जनरेटर सगळं एका डबीत मिळतं. पण ही डबी तपासायची कशी, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : दिवा लागला, म्हणजे उपकरण ठीक.
वस्तुस्थिती : दिवा एवढंच सांगतो, की ५ व्होल्ट पोचले. इनपुट जळलेलं असलं तरी तो लागू शकतो. पीव्ही१ या आउटपुटवर ३ व्होल्ट लावा, वायरने ए१ या इनपुटला जोडा, मग उणे ३ करून पाहा. ए१ ची कक्षा उणे १६ ते अधिक १६ व्होल्ट आणि मोजणी १२ बिटांची, म्हणजे एक पायरी सुमारे ८ मिलिव्होल्टची. लावलेल्या आणि मोजलेल्या व्होल्टेजमधला फरक त्याच्या कितीतरी पट आला तर शंका घ्या. पण डबीनेच डबीची साक्ष देऊन भागत नाही; तेच व्होल्टेज वेगळ्या, खात्रीच्या मल्टिमीटरनेही मोजायला हवं.

गैरसमज : नुसती सुटी वायर लावली तरी लाट दिसते, म्हणजे किट बिघडलं.
वस्तुस्थिती : ती आजूबाजूच्या वीजतारांची ५० हर्ट्झची लाट. उलट तिचा फायदा घ्या. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं दिसलं, तर वेळेची मोजणीही बरोबर आहे.

गैरसमज : मल्टिमीटर कुठलाही एसी अचूक दाखवतो.
वस्तुस्थिती : साधे मीटर लाट साइनच आहे असं धरून चालतात. ५ व्होल्ट शिखराची चौकोनी लाट ते ५.५५ दाखवतात. या फरकासाठी मुलांचे गुण कापणं अन्यायाचं आहे.

गैरसमज : एवढ्याशा डबीचा काय धोका?
वस्तुस्थिती : घरातल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि डबीचा ग्राउंड थेट लॅपटॉपला जोडलेला असतो. ती भिंतीतल्या सॉकेटला कधीही जोडू नका. एसी हवाच असेल तर ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर वापरा.

समुद्राच्या खाऱ्या हवेने क्लिपा हिरव्या पडतात. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून रोध एक ओहमच्या वर गेला, तर आधी वायरी बदला.

विभागप्रमुखांना विनंती : सत्र सुरू होण्याआधी लॅब असिस्टंटना या तपासणीसाठी अर्धा दिवस मोकळा द्या आणि प्रत्येक डबीवर तपासल्याची तारीख चिकटवा.