बिएर्तानचे चर्च : पंथांतर आणि वास्तू

रुमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतातील बिएर्तान ह्या खेड्यास जर्मन भाषेत बिर्टहेल्म व हंगेरियन भाषेत बेरेतहलोम म्हणतात. एका गावाची ही तीन नावे त्या प्रदेशाच्या इतिहासाची साक्ष देतात. हंगेरीच्या राजांनी बाराव्या शतकापासून येथे जर्मन भाषिकांना वसविले. त्यांनाच पुढे ‘सॅक्सन’ ही संज्ञा प्राप्त झाली. येथील टेकडीवरील चर्च सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात त्यांनी पूर्ण केले, ते कॅथलिक उपासनेसाठी. परंतु १५५० मध्ये सॅक्सन समाजाने लूथरप्रणीत धर्मसुधारणा स्वीकारली आणि चर्चचा पंथ बदलला.

पंथ बदलला, तरी वास्तू मोडावी लागली नाही. उत्तर-गॉथिक शैलीच्या ह्या चर्चमध्ये मधले व बाजूंची अशी तिन्ही दालने जवळजवळ समान उंचीची असून त्यांवर फासळ्यांच्या जाळीचे कमानछत आहे. अशा अखंड मंडपात वेदीकडे दृष्टी जाते, तसेच प्रवचनही सर्वत्र ऐकू जाते. लूथरपंथात प्रवचनास आलेले महत्त्व पेलण्यास हा मंडप आयताच उपयोगी पडला.

खरा प्रश्न होता तो प्रतिमांचा. ट्रान्सिल्व्हेनियातीलच कॅल्विनपंथी चर्चमध्ये अनेक भित्तिचित्रांवर चुना फासला गेला. लूथरची भूमिका मात्र निराळी होती : प्रतिमेची पूजा त्याज्य, प्रतिमा नव्हे. म्हणूनच कॅथलिक काळातील २८ चित्रफलकांची भव्य वेदी आजही जागच्या जागी उभी आहे. पूर्वी जी चित्रे भक्तीचा विषय होती, ती आता बोधाचा विषय झाली. चित्रे तीच राहिली. अर्थ तेवढा पालटला.

तथापि गावातील सर्वांनीच नवा पंथ स्वीकारला नाही. जुन्या पंथास चिकटून राहिलेल्यांसाठी तटबंदीतील एका बुरुजात उपासनेची सोय होती. त्याच तटाच्या आत १५७२ पासून १८६७ पर्यंत लूथरपंथी बिशपचे पीठ होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या सोयीचे मोल कळते.

१९९३ मध्ये युनेस्कोने ह्या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. तोवर बहुसंख्य सॅक्सन जर्मनीस निघून गेले होते. ज्या समाजाने पंथ बदलूनही वास्तू राखली, तो समाजच तेथून उठला. बुरुजाचे ‘कॅथलिक बुरूज’ हे नाव मात्र टिकून आहे. शिलालेखाने सांगावे ते येथे एका नावाने सांगितले आहे.